माझ्या हातची भवानी

अक्कलकोट रोडला आमच्या टावेलच्या कारखान्यासमोर एकानं चहाचं दुकान टाकलं हुतं. पुण्याच्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलेला पोरगा. नाव मी कधी इचारलं न्हाय. बोलताना सारखा गळ्यापाशी हात न्यायचा, कंपनीचं कार्ड चाचपल्यागत.

विधवेच्या हातची भवानी कुनी घेत न्हाय, म्हनून मी मागंच थांबायची. त्यो रोज हाक मारायचा, "या मावशी, पहिला चहा तुमचाच."

गिऱ्हाईक काय जमलं न्हाय. कारखान्यातल्या बाया म्हनायच्या, "पांढऱ्या कपाळाची भवानी घेतोय की, मग भोग म्हनावं!"

दुकान मोडलं त्या दिवशी त्यो खुर्च्या टेम्पोत चढवत हुता. मी इचारलं, "माझ्यामुळं झालं का रं, लेकरा?"

खुर्ची खाली ठेवून म्हनला, "नाही हो मावशी. मागावरचा माणूस माग सोडून येत नाही, चहा त्याच्यापाशी न्यावा लागतो. मी ऑफिससारख्या खुर्च्या मांडून वाट बघत बसलो. चूक माझी. तुमच्या कपाळाचा काय संबंध?"

धनी गेल्यापासनं असं मला कुनीच म्हनलं न्हवतं. दुकान मोडलं त्याचं, अन् समजूत माझी घालत हुता.