गुहेतलं हरीण

मैद्याच्या खळीचा वास आला की उत्तरेतल्या रामनगरच्या पुढच्या त्या लहानशा राखीव जंगलातली गुहा आठवते. धबधबा बघायला येणारे लोक दगडांवर नावं कोरतात म्हणून चिडून मी घरून डबाभर खळ नेली आणि काळोख्या गुहेत ‘जंगल वाचवा’ची पत्रकं थापली. दुपारी म्हातारा वनरक्षक टॉर्च घेऊन आला आणि त्यानं उजेड पत्रकांवर टाकला. “ई का कइला, भइया? एकरे नीचे हिरन रहल!” कागदाखाली हरीण होतं म्हणे; मी घाईनं वाळलेलं पत्रक ओढलं, तर आदिमानवानं गेरूनं काढलेल्या हरणाचं तोंड कागदाला चिकटून आलं. कोरणाऱ्यांच्या भीतीनं वनरक्षकानं ते चित्र कुणालाच दाखवलं नव्हतं. जंगल कोण नासवतं याची यादी पत्रकात होती. पत्रकं मी अजून छापतो; त्या यादीत माझं नाव अजून घातलेलं नाही.