लेकरू मरतंय का ह्यात?

नगरहून पाथर्डीला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला एका गावात मला पहिली नोकरी लागली. प्राथमिक शाळेची मास्तरीण म्हणून गेले आणि पहिल्याच आठवड्यात वाचनालयाच्या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात पडली. साठ-सत्तर पुस्तकं होती. दर बाजारच्या दिवशी शाळा सुटल्यावर तासभर कपाट उघडून बसायचं आणि माशा मारायच्या, एवढंच काम. खरं सांगते, मलाही त्या पुस्तकांचं सोयरसुतक नव्हतं. मी मराठी शिकवत होते, पण स्वतः पास झाले होते गाईडं वाचून. कादंबरी मला सारांशापुरती ठाऊक.

बहात्तरचा दुष्काळ होता. शेतात काही उरलं नव्हतं, अर्धा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा. बाजारच्या दिवशी ते काम बंद असे. अशाच एका बाजारी साठीची एक बाई दारात चपला काढून आत आली.

"बाई, एक पोथी द्या."

"पोथ्या देवळात असतात. इथं कादंबऱ्या आहेत."

"त्येच की. गोष्टच आसती ना?"

"वाचता येतं तुम्हाला?"

"न्हाई."

मला हसू आलं, ते मी दाबलं. एक पुस्तक काढून पुढं केलं, तर तिनं हात मागे घेतला.

"लेकरू मरतंय का ह्यात?"

"काय?"

"गोष्टीत वो. लेकरू मरत आसंल तर नगं."

आता आली का पंचाईत! मला कुठं माहीत? "आज उशीर झालाय, उद्या संध्याकाळी या," असं म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी चौथीला शुद्धलेखन घालून मी ते पुस्तक उघडलं. पोरं तीनदा लिहून मोकळी झाली तरी माझी मान वर नाही. कुणी मरत नव्हतं, उलट एक लग्न जमत होतं आणि ते जमतंय की मोडतंय याचीच मला काळजी लागली होती. माझ्या आयुष्यात मी धड वाचलेली ती पहिली कादंबरी.

मग दर आठवड्याला ती यायची, तोच प्रश्न विचारायची, वहीत जांभळा अंगठा उठवायची आणि पुस्तक कपाळाला लावून न्यायची. तिला उत्तर द्यायचं म्हणून मी एकेक पुस्तक वाचत सुटले. पण एक कोडं काही सुटेना. ही अंगठेबहाद्दर बाई पुस्तकांचं करते काय? हेडमास्तर म्हणाले, चुलीत घालत असेल. पण पुस्तकं तर वेळेवर परत येत होती. फक्त पानांच्या बेचक्यात पांढरी कच सापडायची. बोटावर घेऊन पाहिली तेव्हा कळलं, ती दगडाची भुकटी होती.

रविवारी मी सरळ रस्त्याच्या कामावर गेले. दुपारची सुट्टी झाली होती. बाभळीखाली वीसेक बाया बसलेल्या, चपला एका बाजूला ओळीनं काढलेल्या. मध्ये पालथ्या घमेल्यावर धुवट फडकं अंथरून त्यावर माझ्या कपाटातली कादंबरी, आणि विशीची एक मुलगी ती मोठ्यानं वाचत होती. आवाज स्वच्छ, पण सपाट. "आज अध्याय कितवा?" उशिरा आलेल्या एकीनं विचारलं. मी तिथंही मास्तरकी केलीच. "अहो, ही पोथी नाही, प्रकरण म्हणा," म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

वाचन थांबलं. मुलगी उठली, कुणाशी अवाक्षर न बोलता हातोडा घेऊन आपल्या ढिगाकडे गेली. साठीची बाई मला पाण्याच्या घागरीपाशी घेऊन गेली.

"सून हाय माझी. सातवी शिकल्याली. उन्हाळ्यात लेकरू गेलं तिचं, सव्वा वर्साचं हुतं. तवापून तोंडातून शबूद न्हाई. लेक माझा कोपरगावाकडं ऊस तोडाया गेलाय, त्याच्याशी बी बोलली न्हाई जाताना. एक दिस दुकानातल्या पुड्याचा कागद हातात आला, तर मोठ्यानं वाचला तिनं. मंग म्हनलं, वाचू दे. दुसऱ्याचं का हुईना, आवाज तर येतोय."

त्यानंतर मी पुस्तकं डोळ्यांत तेल घालून तपासू लागले. आजारी मूल दिसलं की पुस्तक मागच्या फळीवर. पण सहामाहीच्या पेपरांच्या गडबडीत एका बाजारी मी वाचलेलं नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली. सुरुवातीची चार पानं चाळून ठोकून दिलं, "नाही मरत."

पुढच्या बाजारी तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"बाई, लेकरू मेलं की वो."

"मी वाचलं नव्हतं," मी कबूल केलं. ती खाली बसली.

"काल दुपारी सून त्या पानावर आली. ताप चढला त्या लेकराला, तवाच मी वळाखलं. म्हनलं, बास कर, मिटव ती पोथी. तर मला म्हनली, 'आत्या, पोथी आर्धी ठेवत न्हाईत.'"

तिनं पदरानं डोळे पुसले.

"आत्या म्हनली मला. सात म्हैन्यांनी."

सुनेनं ते पान पुरतं वाचलं, पुढचंही वाचलं, आणि मग घमेल्यावर डोकं टेकून रडली. मूल गेलं तेव्हाही रडली नव्हती म्हणे. "मंग एकेक बाई बोलाया लागली. कुनाचं एक गेल्यालं, कुनाचं दोन. माझी शेजारीन, चाळीस वर्सं भिंतीला भिंत हाय आमची, तिचं बी एक गेल्तं माहेरी. मला ठावं नव्हतं."

त्या गावात गेलेल्या लेकराचं नाव काढायची रीत नव्हती. आईला उगाच डागण्या कशाला, असं म्हणायचे. सगळ्या जणी एकमेकींना जपत होत्या आणि त्या जपण्यात एकेकटी कोंडत होत्या. पण गोष्टीतल्या मुलाबद्दल बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. तिथून त्या आपापल्या मुलांपर्यंत पोचल्या. आणि मी? मी त्यांना दर वेळी दुरुस्त करत होते, ही पोथी नव्हे म्हणून! माझं ऐकलं असतं तर त्या पानावर पुस्तक मिटलं असतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "वाचून द्यायला हवं होतं."

"बरं झालं न्हाई वाचलं ते. वाचलं आसतं तर दिलं नसतं तुमी."

त्यानंतरच्या बाजारी दारात चपला काढून आली ती सून. एकटीच. कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली, मागच्या फळीवर हात घातला आणि एक पुस्तक ओढून काढलं. मी ते वाचलेलं होतं. त्यातल्या आजारी मुलाचं पुढं काय होतं हेही मला माहीत होतं, आणि या वेळी मी खोटं बोलणार नव्हते.

"हे बघ, ह्यात ना..."

तिनं पटकन पुस्तकावर हात ठेवला.

"सांगू नका, बाई. वाचीन मी."

मग तिनं वही ओढून घेतली आणि सासूच्या जांभळ्या अंगठ्यांच्या रांगेखाली, सावकाश, आपलं पुरतं नाव लिहिलं.