घडी एकाचीच

सुलभाक्काच्या टेबलाशी एक जादा खुर्ची कायम असायची. कामाची कितीही बोंब असो, कुणी तावातावाने येऊन उभं राहिलं की ती आधी म्हणायची, "बसा की अण्णा. स्वल्प बसा." मग हातातलं काम पुरं होईपर्यंत त्याच्याकडे पाहायचीही नाही. माणूस बसायचा, निवायचा, कधी कधी आपणहून उठून जायचा. माझ्याकडे मात्र लोक उभ्या उभ्याच ओरडायचे. मला तिचा हेवा वाटायचा, अगदी पहिल्या आठवड्यापासून.

सर्जापूर रोडवरची आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुठे ते अडलं की तक्रार आम्हा दोघींकडे यायची. मी पुण्याहून आलेली, वर चढायची घाई असलेली. टीम लीडची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवीच होती. म्हणून जो येईल त्याला मी "हो, लगेच करते" म्हणायची. दुपारचा डबा संध्याकाळी उघडायची, तोही एका हाताने. सुलभाक्का राजाजीनगरची, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात मुरलेल्या घरातली. ती वेळेवर जेवायची, चटणीपुडीवर तेल घालून बोटं चाटायची आणि साडेपाचला पर्स उचलून घरी जायची. तरी आमचे नायरसर म्हणणार, काम असावं तर अक्कासारखं! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा न राहवून मी विचारलंच, "तुम्हाला ताण येत नाही का हो?"

"येतो की! का येत नाही?" ती म्हणाली. "पण आमचं चिकपेटेत साडीचं दुकान होतं बघ. सण आला की गादीवर ही झुंबड. अप्पा सांगायचे, 'बसा' सगळ्यांना म्हणायचं, घडी एकाचीच उलगडायची. सगळ्यांच्या उलगडल्या तर विक्री होत नाही, नुसता ढीग होतो. मग त्या ढिगाकडे बघून रडू येतं."

"इथे साड्या नाहीत," मी फटकन म्हणाले.

"सरी, बरं," म्हणत ती हसली आणि आपल्या कामाला लागली. वाद घालायलाही न मिळणारं माणूस फार छळतं.

ते रडू मला एका सोमवारी आलं. तीन दवाखान्यांत एकदम बिघाड झाला होता आणि तिन्हीकडे मी "अर्ध्या तासात" म्हणून बसले होते. बैठकीत सरांनी साधंच विचारलं, आधी कोणतं होणार? समोरची अक्षरं दिसत होती, पण वाचता येईनात. "आले" म्हणून मी बाहेर पडले ती थेट जिन्यात जाऊन बसले. इतक्या हौसेने मागितलेली जागा आता हातची गेली, एवढंच डोक्यात होतं.

सुलभाक्का मागोमाग आली. मला तीच यायला नको होती. धीरबीर काही न देता शेजारी बसली आणि म्हणाली, "किती जणांच्या घड्या उलगडून ठेवल्यास गे?"

मी रडतच सांगितलं.

"सरी. एक ठेवू. बाकीच्यांना फोन करून बसव. खोटी वेळ देऊ नको. रागावतील, रागावू दे."

तिच्यासमोर मी फोन लावले. "आज होणार नाही, उद्या दुपारी करते," असं आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. पलीकडून आलं, "बरं, उद्या तर उद्या." कुणी रागावलंसुद्धा नाही! इतकं सोपं होतं, आणि ते हिला आधीपासून ठाऊक होतं, याचा मला रडण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

महिन्याभराने टीम लीडची जागा मलाच मिळाली. मी हवेत होते. अभिनंदन करता करता सर सहज बोलून गेले की आधी अक्काला विचारलं होतं; तीच म्हणाली, मेधाला द्या, तिला हवंय.

मी तरातरा तिच्याकडे गेले. "तुम्ही नको म्हणालात म्हणून मला?"

"बस की," ती म्हणाली. मी बसले नाही.

"आमचे अप्पा गल्ल्यावर बसायचे. दिवसभर भाव आणि भांडणं. साडी हातात घ्यायला मिळायची नाही त्यांना. मला हे काम आवडतंय गे, हातातलं. तुला वर जायचंय, तू जा. चांगली करशील."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही.

साडेपाचला ती पर्स उचलून निघाली. तेवढ्यात सरांचा निरोप आला, नवा अहवाल आजच हवा. लिफ्टची वाट बघत ती कुणाशी तरी हसत होती. ज्या खुर्चीसाठी मी जिवाचं रान केलं होतं, तिला 'नको' म्हणून ही बाई मजेत घरी चालली होती. मला तिचा इतका हेवा वाटला की मी सरांना कळवलं, "आज नाही, उद्या सकाळी देते," आणि लिफ्टचं दार मिटायच्या आत पळत जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले.