टंकी खाली है

मित्रांनो, आज आमचं पानिपत बघायचं राहिलं.

भाड्याची गाडी देताना मालक आमच्या गणेशला म्हणाला, "टंकी खाली है, देख लेना." गणेश महिन्यापूर्वीच लातूरहून दिल्लीला आलाय. त्याला वाटलं, टाकी खालच्या बाजूला आहे. त्याने मान डोलावली. पेट्रोलचा काटा बिघडून अर्ध्यावर अडकलेला.

सोनिपतच्या अलीकडेच गाडी बंद! मालकाला फोन लावला, तर म्हणे, "बताया तो था, भैया."

आम्ही तिघांनी गणेशला इतकं सुनावलं, की तो बस पकडून एकटाच परत गेला.

यार, मी दिल्लीतच वाढलोय. 'खाली' म्हणजे रिकामी, हे मला कळतं. मालक बोलला तेव्हा मी शेजारीच होतो, मोबाइलमध्ये डोकं खुपसून. ऐकूही आलं होतं.

दुपारपासून ग्रुपवर गणेशवर जोक चाललेत. पहिला मीच टाकला. आता कुठल्या तोंडाने सांगू?