रुखवतातले डाकू

भाचीच्या लग्नाचं रुखवत मी केलं होतं. इंदूरच्या मराठी घरांतली रुखवतं मी बरीच वर्षं करते आहे. तुळशीवृंदावन, बैलगाडी, सप्तपदीच्या सजवलेल्या सुपाऱ्या, साखरेचे हत्ती, जे सांगतील ते. लग्नाच्या दिवशी सकाळी लवकर जाते, टेबलावर सगळं मांडते, चादरीच्या सुरकुत्या काढते आणि मागे स्वयंपाकघरात जाऊन बसते. पुढे उभं राहिलं की बायका विचारतात, "तुम्हीच केलं का हो?" मग मला काही बोलता येत नाही आणि त्यांना वाटतं, हिला भारी गर्व आहे. त्यापेक्षा आत बसावं. बाहेरून "अगं इकडे ये, हे बघ" असं ऐकू येतं, ते ऐकत चहा प्यायला मला फार आवडतं.

मोबाइल आल्यापासून एक नवीनच सुरू झालं. बायका फोटो काढतात आणि घरी जाऊन तसंच करतात. कृष्णपुऱ्याजवळच्या एका लग्नात मी खोबऱ्याच्या किसाचे बगळे केले होते. पुढच्याच मुहूर्ताला दुसऱ्या मंडपात तेच बगळे बसलेले, फक्त माना आखूड. मला हसू आलं. पण माझी भाची, म्हणजे माझ्या ताईची मुलगी, चिडली.

"मावशी, ही सरळ सरळ पायरसी आहे!"

"म्हणजे काय गं?"

"दुसऱ्याने केलेलं न विचारता उचलायचं. आपली ती गेमची सीडी नव्हती का, बाबांनी फुटपाथवरून आणलेली? ती पण पायरसीच."

"मग आपणही त्यातलेच की."

"आपण तर पक्के!" असं म्हणून ती इतकी हसली की मीही हसले.

ती सीडी मला चांगली आठवते. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत यायची, वर झेरॉक्स काढलेलं चित्र, त्यातल्या माणसांचे चेहरे हिरवट झालेले. भाची तेव्हा शाळेत होती आणि सुट्टीत माझ्याकडे राहायला यायची. ती कॉम्प्युटरवर जहाज चालवायची आणि मी शेजारी बसून तांदूळ निवडायचे. समुद्रातून डाकू यायचे, एका डोळ्यावर पट्टी, हातात तलवार. त्यांच्यातला एक जाडा सारखा ओरडत यायचा, त्याला आम्ही घरमालक म्हणायचो. सीडी चोरीची, त्यामुळे अर्धवट. एका बेटावर आमचा कप्तान खजिन्याची पेटी उघडायला वाकला की वाकलेलाच राहायचा. कितीही बटणं दाबा, उठायचाच नाही. पेटीत काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. भाची कॉम्प्युटर बंद करायची आणि पुन्हा पहिल्यापासून खेळायची.

ती शिकली, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली आणि जहाजांच्याच एका गेममध्ये तिची एका मुलाशी ओळख झाली. "आता विकत घेतलेला गेम आहे मावशी, असली," हे तिने मला मुद्दाम सांगितलं. मुलगा इंदूरजवळच्याच राऊचा, मराठी, आणि खरोखरच्या मालवाहू जहाजावर ऑफिसर. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला येणारं नर्मदेचं, तेही एक दिवसाआड. त्या गावात जहाजावरचा जावई मिळाला म्हणून घरात सगळ्यांनाच कौतुक.

लग्न ठरल्यावर एकदा तो जहाजावरून व्हिडिओ कॉलवर बोलत होता. ताई, भाची आणि मी, आम्ही तिघी फोनसमोर. त्याने सांगितलं की मागच्या फेरीत त्यांच्या जहाजामागे खरेखुरे डाकू लागले होते. लहानशी वेगवान होडी, त्यात माणसं, शिडी घेऊन आलेली. जहाजावर भोंगा वाजला आणि सगळ्यांनी वरून पाण्याचे मोठे पाइप सोडले. "त्यातल्या एकाची टोपी उडाली," तो म्हणाला, "आणि हा बाबा लुटायचं सोडून टोपीमागे! होडीच वळवली त्यांनी." तो असं रंगवून सांगत होता की आमची हसून पुरेवाट झाली. फोन ठेवल्या ठेवल्या भाची माझ्या गळ्यात पडली.

"मावशी, माझ्या रुखवतात हेच पाहिजे. जहाज आणि डाकू. बघू दे कोण कॉपी करतं!"

मी इतक्या खुशीत काम क्वचितच केलं असेल. जहाज शेंगदाण्याच्या चिक्कीचं केलं, पट्ट्या गुळाच्या पाकाने जोडून. त्यावर मालाचे डबे म्हणून लाल, हिरव्या, पिवळ्या खोबऱ्याच्या वड्या रचल्या. लाटांच्या फेसासाठी तळलेल्या कुरडया. होड्या म्हणजे करंज्याच, तोंड उघडं ठेवून तळलेल्या. आणि त्यात काजूकतलीच्या गोळ्याचे डाकू बसवले, डोळ्यावर काळ्या मनुकेची पट्टी, शेवयांच्या मिशा, हातात बदामाच्या कापाची तलवार, आणि एकाच्या डोक्यावर पिस्त्याची टोपी.

"मावशी, खरे डाकू असे नसतात," भाची म्हणाली. "साधे लुंगी-बनियनवाले असतात."

"रुखवतात बनियनवाले कोण बघेल?" मी म्हटलं.

जहाजावर पाइप धरून उभा असलेला नवरदेव मात्र पेढ्याचा केला. हे सगळं भाचीशिवाय मी कोणालाच दाखवलं नव्हतं, ताईलासुद्धा नाही. तिला लग्नातच दिसू दे म्हटलं.

लग्न राऊच्या एका हॉलमध्ये होतं. रस्त्यात गाडीला धक्के बसणार म्हणून मी प्रत्येक डाकू घट्ट पाकात बसवला होता. सकाळी मांडामांड करून मी आत जाऊन बसले. बाहेर पोह्यांच्या प्लेटा फिरत होत्या आणि रुखवतापाशी नुसता हशा चालला होता. तेवढ्यात ताई आली. शालूचा घोळ दोन्ही हातांनी उचललेला, चेहरा उतरलेला.

"डाकू कशाला ठेवलेस गं?"

"तिनेच सांगितलं. जावई नाही का हसत हसत..."

"आपल्याला हसत सांगितलं त्यांनी. आईला सांगितलंच नव्हतं! तिला मागाहून दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मला आत्ता विहीणबाईंची जाऊ सांगत होती. तेव्हापासून पोरगा जहाजावर गेला की विहीणबाई घरात टीव्ही लावू देत नाहीत. फोन वाजला तर आधी देवापुढे उभ्या राहतात, मग उचलतात. तो शब्दसुद्धा कोणी घरात काढत नाही. आणि आज त्याच्या लग्नात त्या हे बघणार? अपशकुन म्हणतील गं!"

भाचीला आयुष्यभर त्या बाईंच्या घरात राहायचं, आणि तिच्या पहिल्याच दिवशी मी सासूच्या जिवाला लागेल असं टेबलावर मांडून ठेवलं होतं.

"त्यांची बाकीची मंडळी दारात आली आहेत, मला जायला हवं," ताई म्हणाली. "तू काढ ते. पटकन."

मी गेले, तर टेबलाभोवती बायकांचा गराडा. मला पुढेच जाऊ देईनात. एक बाई मोबाइल वर धरून म्हणाल्या, "अहो वहिनी, लाइनीत या ना, सगळ्यांनाच फोटो काढायचा आहे." हे माझंच आहे, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. पण तेवढंच माझ्याच्याने म्हणवेना. मी लाइनीत उभी राहिले, मग राहवेना म्हणून कोपराने वाट काढत टेबलापाशी पोचले आणि एका डाकूला धरलं. तो निघेना. मीच बसवलेला तो. जोर लावला तेव्हा करंजीचा काठ घेऊनच बाहेर आला. तो पदरात टाकला आणि दुसऱ्याला हात घातला.

"ओ! काय करताय?" मघाचीच बाई ओरडली. "हात नका लावू! किसी ने कितनी मेहनत से बनाया है!"

"अजून लग्न लागलं नाही आणि खायला सुरुवात?" दुसरी म्हणाली.

माझे कान तापले. तरी मी तिसरा ओढला. तो हातात आला आणि भोवतीच्या बायका बाजूला सरकल्या. वळून बघितलं तर विहीणबाई. हिरवी पैठणी, हातात अजून अक्षतांची पुडी.

त्यांनी आधी जहाज बघितलं. वरचा पेढ्याचा मुलगा त्यांनी लगेच ओळखला असावा, कारण त्यांची नजर तिथे बराच वेळ राहिली. मग खालच्या होड्या. मग माझा हात.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

कोण ते त्यांनाही दिसत होतं. ताईने सांगितलेला तो शब्द माझ्या तोंडाशी आला आणि मी तो गिळला.

"खायचे आहेत," मी म्हटलं.

"काय?"

"काजूचे आहेत. खायचे."

त्यांनी तो डाकू माझ्या हातातून घेतला आणि तोंडासमोर धरला. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं.

"ह्याच्यापायी माझ्या घशाखाली घास उतरला नाही," त्या त्या डाकूलाच म्हणाल्या, आणि कचकन त्याचं डोकं चावून तोडलं.

त्या सावकाश चावत होत्या. मिशीची एक शेवई ओठाला चिकटली होती.

"वेलची छान पडली आहे," त्या म्हणाल्या. "अजून कुठे आहेत?"

मी पदर उघडून दाखवला.

मग जे सुरू झालं ते काय सांगावं! त्यांनी जावेला हाक मारली, नणंदांना हाक मारली. "ये गं, हा घे. तू हा जाडा घे. एकही सोडायचा नाही!" पाकातून निघत नव्हते ते त्यांनी होडीसकट उचलले. नवरदेवाचे काका मागून म्हणाले, "ओ भिया, एक इधर भी सरकाओ!" ज्या बाईने मला हात लावू दिला नव्हता, तिने दोन खाल्ले. मुंडावळ्या सावरत नवरदेव स्वतःच काय गडबड आहे ते बघायला आला.

"आई, तो टोपीवाला मला ठेव!"

"तुला काही मिळणार नाही," विहीणबाई म्हणाल्या. "जगाला सांगितलंस, मला नाही सांगितलंस."

तो ओशाळला. "तू घाबरशील म्हणून..."

"आता घाबरलेली दिसते का?"

त्याने आईकडे बघितलं. ओठाला शेवई, एका हातात काजूचा पाय. तो हसायला लागला आणि त्यांनाही हसू आवरेना. शेवटी त्यांनी त्याला नुसती टोपी तोडून दिली. ताई धावत आली ती विहीणबाईंची समजूत काढायच्या तयारीने, आणि त्यांनी तिच्याही तोंडात एक अख्खा डाकू कोंबला. त्यामुळे ताईला काय झालं ते बराच वेळ विचारतासुद्धा आलं नाही.

लग्नानंतर जावई जहाजावर गेले. एका दुपारी दार वाजलं. उघडलं तर विहीणबाई, एकट्याच, राऊहून आलेल्या. हातात काजूची पिशवी.

"जहाज आजपासून त्या पाण्यात आहे," त्या चप्पल काढता काढता म्हणाल्या. "घरी बसवत नाही. चला, डाकू करू."

मी काजू दळले, पाक केला. दोघींना एकाच परातीत हात घालायचे म्हटल्यावर बोलण्याची मला अडचण आली नाही. त्याच बोलत होत्या. मुलगा लहानपणी बादलीत कागदाच्या होड्या सोडायचा, ते सांगितलं. तो शब्दही त्या आता सारखा घेत होत्या. ह्या डाकूला मान कशी करायची, त्या डाकूचं नाक फार मोठं झालं का. त्यांच्या डाकूंना मानच नव्हती, सगळे खांद्यात डोकं खुपसून बसलेले. मला हसू येत होतं आणि मी ते दाबत होते. त्यांनी ते बघितलं.

"हसा हसा. पहिल्यांदाच करते आहे."

मग मी मोकळेपणाने हसले. ताटभर झाले तेव्हा त्यांनी त्यातला सगळ्यात दांडगा उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"तुम्हीपण. एवढ्या सगळ्यांना मी एकटी कशी पुरणार?"

त्यांनी त्याचं डोकं मोडलं, मी पाय. साखर जरा कमी पडली होती, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, पडू दे, आणि पुढचा उचलला.