चिंचेने घासलेल्या पुंगळ्या
चिंच भिजत घातली की त्या आंबूस वासाबरोबर माझा शुद्ध गाढवपणा आठवतो: मी नवऱ्याच्या बचतीवर विश्वास ठेवला होता. इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या नेमबाजी क्लबात जाणारे आमचे हे रीतसर परवाना काढून तळघरात वापरलेली काडतुसं स्वतःच पुन्हा भरायला लागले. "विकतच्यापेक्षा निम्म्यात पडतात गं, उरलेल्या पैशात तुझं माहेरचं तिकीट!" मी बावळट, दर रविवारी क्लबात गुडघ्यांवर रांगत झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचायची आणि घरी आणून समईसारख्या चिंचेने लख्ख घासायची. दोन वर्षं झाली, तिकडे आई वाट बघतेय आणि तिकिटाचं नाव नाही. विचारलं तर म्हणतात, "अगं, स्वस्त पडतात म्हणून तिप्पट गोळ्या झाडतो ना!" मी "बरं" म्हणाले आणि सुडाला लागले. सोमवारी हे ऑफिसला गेल्यावर सगळ्या पुंगळ्या बाजाराच्या ट्रॉलीत कोंबल्या आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ओतल्या. तो खणखणाट आठवला की अजून कानाला गोड लागतो. संध्याकाळी तळघरातले रिकामे डबे बघून हे वर आले आणि मी टेबलावर ठेवलेले भंगाराचे पैसे मोजले. मग जर्मन धाटणीत म्हणाले, "आल्झो, म्हणजे बचत झाली म्हणायची एकदाची. आता तिकिटाला किती कमी पडतात, तेवढं सांग."