चुलत्याची रायफल

आमचा चुलता नेव्हीत पंधरा वर्षं काढून आला. काम जहाजाच्या इंजिनावर, पण गाव त्याला फौजीच म्हणायचं, आन् माझ्या बापाच्या पोटात नेमकं तेच दुखायचं. यंदा शाळेनं ठरवलं, सव्वीस जानेवारीचा झेंडा फौजीच्या हातानं फडकवायचा. दरसाली तो मान शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून बापाचा! बाप मला म्हणला, "त्याच्याकडं बघ जरा." मी बघितलं.

मंठ्याच्या रस्त्याला आमच्या फाट्यावर चहाचं हॉटेल हाय. तिथं दहा-बारा जणांत मी चुलत्याला छेडलं, "काका, कोणती रायफल व्हती तुमची?"

"नाव इंग्रजी व्हतं, ध्यानात न्हाई. लाकडी दस्त्याची, लांब, लई जड. वीस गोळ्या बसायच्या. गेटावर पहारा असला की द्यायचे."

मी मोबाइलमध्ये शोधलं. ऐंशीच्या आसपासची भरती, लाकडी दस्ता, वीस गोळ्या, म्हंजे एसएलआरच असणार. फोटोबी सापडला. तो मी दाबून ठेवला आन् दुसरे तीन पुढं केले. एक इंग्रजांच्या जमान्यातली थ्री नॉट थ्री, एक एके फॉर्टी सेव्हन, एक अलीकडची इन्सास.

"ह्यातली दाखवा."

चुलत्यानं चष्मा पुसला, तिन्ही फोटो दोन-दोनदा बघितले. "ह्यात माझी न्हाई."

"घ्या! पंधरा वर्षं नोकरी, आन् सोताची बंदूक वळखायना!"

"जहाजावर पोळ्या लाटत असंल," एक जण म्हणला, "लाटणं दाखव त्याला." सगळं हॉटेल खदाखदा हसलं. मला लई मजा आली, खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांत गावभर झालं. झेंडा बापानंच फडकवला. चुलता इस्त्रीचा कोट घालून आल्ता, पोरांच्या मागं उभा राह्यला. त्यानं कडक सलाम ठोकला, तर मागून कुणीतरी "लाटणं!" म्हणलं.

संध्याकाळी तो आमच्या घरी आला. मला वाटलं, आता भांडतो. तर माझ्या शेजारी बसला आन् हळूच म्हणला, "बाळा, मोबाइलात अजून शोध की. एक डोळा काचबिंदूनं गेला, दुसराबी जाऊन राह्यला. तोवर एकदा बघू दे. आता माझं मलाच वाटाया लागलं, खरंच व्हती का न्हाई."

"लई शोधलं काका," मी म्हणलो. "तशी रायफलच नव्हती कधी."